सत्तावन्नावी शिंक

दाजी खडपे शिंकला की समजावं, पुरावा सापडला.
एरवी निघताना शिंक आली की आपल्यात माणसं
चप्पल काढून पुन्हा बसतात.
माझगावात, घड्याळजीच्या दुकानावरच्या त्या खोलीत
शिंकेवर खुनी पकडतात.
सत्तावन्न पुस्तकं, सत्तावन्न शिंका.
नाही, एक जास्तच: चोविसाव्यात त्याला खरीच सर्दी झाली
आणि एक निरपराध वाणी रात्रभर कोठडीत बसला.
ते मी चारदा वाचलंय.

पहिलं वाचलं प्रभादेवीच्या एक्स्चेंजमध्ये, रात्रपाळीला,
कानात ट्रंक कॉलची खरखर, मांडीवर दाजी.
तेव्हा तो बावन्न वर्षांचा, मी तेवीस.
परवा मला एकसष्ट पूर्ण झाली.
दाजी बावन्नच.
त्याची स्कूटर अजून तिसऱ्या किकला सुरू होऊन
भायखळ्याच्या पुलावर बंद पडते,
आणि मिस लोबो, टायपिस्ट,
अजून टायपिस्टच.
अकराव्या पुस्तकात तो तिला विचारणार होता.
जिन्यावर, हातात अबोलीचा गजरा, घसा खाकरून झालेला,
आणि खालून कोणीतरी ओरडलं, "खून!"
अहो, दहा मिनिटं थांबला असता खून.
मेलेला कुठे पळून जाणार होता?

लेखकाला मी पोस्टकार्ड टाकलं:
मिस लोबोंचं काहीतरी करा, केस पांढरे व्हायला लागले.
कोणाचे, ते लिहिलं नाही.
उत्तर आलं, वाचकांच्या सूचनांचा आदर आहे.
पुढच्या पुस्तकात तिला एक मांजर मिळालं.

छत्तिसाव्यापासून तर खुनी तिसाव्या पानावरच कळतो.
जो फार नम्रपणे चहा नाकारतो, तो.
तरी मी वाचते. तो चहा नाकारतो
आणि मला बरं वाटतं,
ओळखीच्या घरात दिव्याचं बटण
अंधारातही हाताला लागावं तसं.

आता त्या पेन्सिलीबद्दल.
माहीमला सुखटणकरबाईंचं वाचनालय, जिन्याखाली,
उंच माणसाला मान तिरकी करूनच पुस्तक निवडावं लागतं.
तिथल्या प्रत्येक दाजीच्या सतराव्या पानावर
कोणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवायचं.
बारीक, तिरपं, पूर्णविरामासकट:
मेव्हणा.
भाडेकरू.
दुसरी बायको.
मी किती शिव्या घातल्या त्या हाताला!
सतरावं पान तळव्यानं झाकून वाचायला शिकले.
मग ह्यांचं आजारपण आलं.
त्या वर्षी घरातल्या एकाही रिपोर्टला शेवटचं पान नव्हतं,
आणि त्या वर्षी मी
आधी सतरावं उघडायची.

एकोणपन्नासाव्यात नाव चुकलं.
लिहिलं होतं डॉक्टर, निघाला माळी.
एकावन्नाव्यात अक्षर हललेलं: बहुतेक पुतण्या.
बहुतेक!
बावन्नाव्यात नुसता ठिपका,
टोक टेकवून कोणी विचार करत राहिल्यासारखा.
त्रेपन्न कोरं.
बाईंना विचारलं, कोण हो होतं?
त्यांनी रजिस्टर मिटलं, वर डबा ठेवला.
म्हणाल्या, डिपॉझिट न्यायला कोणी आलं नाही.

काल रात्री सत्तावन्नावं संपवलं.
शिंक एकशे एकेचाळिसाव्या पानावर,
चहा नाकारणारा या खेपेला बिल्डरचा मुनीम,
मांजर जिवंत, हे लेखकाला कितपत लक्षात आहे कोण जाणे,
कारण बत्तीस वर्षांचं मांजर मी तरी पाहिलेलं नाही.
मग गॅसच्या नंबराच्या वहीला बांधलेली पेन्सिल सोडवली
आणि सतराव्या पानावर, बारीक, तिरपं,
जमेल तितकं त्या अक्षरासारखं लिहिलं:
मिस लोबो.
निदान एकदा तरी
कोणीतरी तिच्यावर संशय घेऊ दे.

पुस्तक आज परत केलं. तीन रुपये दंड.
अठ्ठावन्नाव्याला माझा नंबर पहिला.